मुंबईची वेळ

मे १९९८. मुहूर्त बारा सत्तावीसचा. पंचवटीतल्या कार्यालयात वधूकडचे एकशे चाळीस लोक हजर होते आणि मुंबईचा नवरदेव गैरहजर.

वधूपिता म्हणजे आमच्या कॉलनीतले घड्याळवाले. त्यांच्या दुकानातलं एक घड्याळ कायम एकोणचाळीस मिनिटं मागे असायचं. कुणी विचारलंच, तर डोळ्यावरचं भिंग न काढता ते सांगत, “ती मुंबईची वेळ आहे, साहेब. इंग्रजांनी देशभर एकच वेळ लावली, ती मुंबईकरांनी मानली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईचं घड्याळ वेगळंच चालायचं!” त्या घड्याळाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

वऱ्हाड सव्वा वाजता उतरलं. वधूचे मामा बाह्या सरसावून दाराशी गेले. “ही काय यायची वेळ झाली?” व्याही गोरेमोरे झाले. आता लग्न मोडतंय, असंच मला वाटलं.

तेवढ्यात घड्याळवाले हसत पुढे आले आणि त्यांनी व्याह्यांना मिठीच मारली. “अहो मामा, मुंबईची माणसं मुंबईच्या वेळेनं अगदी वेळेवर आलीत.”

मी मनात हिशेब केला आणि न राहवून म्हणालो, “अहो, उशीर अठ्ठेचाळीस मिनिटांचा आहे. वरची नऊ कुठली?”

“कसारा घाटाची,” ते म्हणाले. “चला, अंतरपाट धरा.”