सातवी जाळी

वासुदेवराव गेल्याचा फोन आला त्याला महिना होत आला. तेव्हा मनात पहिला विचार काय आला, हे सांगायला लाज वाटते... आता ते सातवं यंत्र कोण शोधणार?

वर्ध्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात ते फोरमन होते, मी डिझाइनचा इंजिनीअर. नव्वद साली मी रुजू झालो तेव्हा तिथे एक रीत होती. नव्या यंत्राचं ड्रॉइंग कागदावर असतानाच वासुदेवराव त्याचा पुठ्ठ्याचा सांगाडा करत आणि प्रत्येक नटाच्या जागी पाना फिरवून बघत. पाना फिरला तरच ड्रॉइंग पुढे जाई. मला ती भातुकली वाटायची. कॉलेजचं वारं डोक्यात होतं.

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं, कुटायचं यंत्र काढलं तेव्हा कृषी प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि वासुदेवराव लेकीच्या लग्नासाठी रजेवर होते. मी सांगाड्याशिवायच सात यंत्रं करवली. ती प्रदर्शनातच विकली गेली. परतल्यावर त्यांनी ड्रॉइंगवरून सांगाडा केला. पात्यांवरच्या संरक्षक जाळीपाशी पाना अर्ध्यातच अडला.

"साहेब, पऱ्हाटी अडकली का जाळी काढाच लागते. अन् असा तरास असला तर कोनी वापस लावनार नाई. मंग एखाद्याचा हात जाईन."

सूचनांचा कागद पाठवू, असं मी म्हणालो. त्यांनी मात्र बिजागरीवर आपोआप मिटणाऱ्या सात जाळ्या केल्या आणि रविवारी लुनावर एकेक बांधून गावं पालथी घातली. सहा यंत्रं सापडली. सहाही ठिकाणी जुनी जाळी काढून टाकलेली होती. एका गोठ्यात तर तिच्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. सातवं यंत्र दोनदा विकलं गेलं होतं. त्याचा माग पुलगावच्या पुढे लागेना. निवृत्तीनंतरही ते शोधत राहिले. मी एकदाही सोबत गेलो नाही.

यंदाच्या संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणाले, "पुलगावच्या पुढच्या एका चहावाल्याचा पत्ता भेटला. थे सातवं मशीन त्याले ठाऊक हाय म्हनते. चालता का संगं?"

पुढच्या रविवारी, मी म्हणालो. तो रविवार त्यांनी पाहिला नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या लेकीनं सातवी जाळी आणून दिली. पाना सुतळीनं तिलाच बांधलेला होता. पऱ्हाटी काढायचे दिवस सुरू झाले होते. मी ती मांडीवर घेऊन एसटीनं पुलगाव गाठलं, पुढे ऑटोनं त्या टपरीवर गेलो. मी यंत्राचं विचारलं तेव्हा चहावाल्यानं जाळीकडे बराच वेळ पाहिलं.

"थे मशीन आता कोनी चालवत नाई."

काऊन चालवत नाई, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. जाळी माझ्या टेबलाखाली आहे. सुतळी अजून सोडलेली नाही.