पलीकडच्या बाजूची ठिणगी

ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात ओपल ग्रेंजरच्या तोंडी लागायला कोणी धजत नसे. बाई अंतराळवीरांना भूगर्भशास्त्र शिकवायची, पण शिकवण्यापेक्षा झापायचीच जास्त. अंधाऱ्या हॉलमध्ये छताला चंद्राचा भलामोठा गोळा टांगलेला, समोर यानाच्या खिडकीची चौकट. अंतराळवीरानं चौकटीतून बघायचं आणि दिसेल ते बोलायचं. बोलणं रेकॉर्ड होई, कारण खऱ्या प्रवासात चंद्राच्या पलीकडे गेलं की पृथ्वीशी संपर्क तुटतो.

“काय सुंदर दिसतंय!” एकदा वेड किंकेड नावाचा अंतराळवीर म्हणाला.

“लग्नाला आलायस का रे?” ओपल कडाडली. “रंग सांग. कडा धारदार की पुसट, ते सांग. आणि उद्या सगळ्यांना कोलाचे आण.”

“सुंदर” किंवा “बहुतेक” म्हणणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी वर्गाला ते गोड पाव खिलवायचे, असा तिचा दंडकच होता. “बहुतेक”ची तर तिला शिसारी यायची. खात्री नसेल तर तोंड बंद ठेवा, म्हणायची.

हा संताप उगाच नव्हता. तिचा बाप ह्यूस्टनच्याच राज्यातल्या ओडेसा गावात तेलविहिरी खणायचा आणि खणताना वर येणारे दगड ही पोर फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायची. मोठेपणी तिनं अंतराळवीर व्हायला अर्ज केला, तर डॉक्टरांनी डोळ्यांवरून नापास केलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. म्हणजे चंद्र जवळून बघायचा तो या लोकांच्या डोळ्यांनी. आणि हे लोक म्हणणार, सुंदर! अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

तिला हवी होती एकच गोष्ट. चंद्राच्या अंधारात उल्का आपटली की क्षणभर ठिणगी उडते. आपल्याकडच्या बाजूची ठिणगी दुर्बिणीतून टिपता येते, पलीकडची मात्र तिथं गेलेल्यालाच दिसणार. जागा कळली तर ताजा खड्डा शोधता येणार होता. वेडची चंद्राला फेरी मारायच्या मोहिमेवर निवड झाली, तेव्हा निघण्याआधी तिनं त्याला बजावलं, “बाकी काही चुकलं तरी चालेल, एवढं चुकवू नकोस.”

यान चंद्रामागून फिरून बाहेर आलं. रेकॉर्डिंग खाली आलं तशी ओपल कानाला लावून बसली. “तपकिरी पट्टा. उत्तरेची कडा धारदार, दक्षिणेची पुसट,” वेड सांगत होता, अगदी तिनं शिकवलं तसं. तिला बरं वाटलं. मग तो म्हणाला, “आता अंधारी बाजू. डावीकडे, खाली...” आणि गप्प. नुसती पंख्याची घरघर. बऱ्याच वेळानं आवाज आला, “पुढची खिडकी.”

यानाशी बोलायचा हक्क नियंत्रण कक्षातल्या एकाच माणसाला असतो. ओपलनं त्याला गदागदा हलवून विचारायला लावलं. वर विचारणा झाली, उत्तर आलं, “नोंदवण्यासारखं काही नाही.”

वेड परतल्यावर चौकशीची बैठक बसली. त्याचे गाल आत गेले होते. प्रकृती विचारायचं सोडून ओपल थेट त्याच्या अंगावर गेली.

“डावीकडे, खाली काय होतं?”

“ठिणगी दिसली, मॅडम. एकदाच.”

“कुठं?”

“आता नेमकं नाही सांगता येणार. वर गेलं की अवकाशातल्या किरणांमुळे डोळ्यांतही चमकतं. बाहेर होती की डोळ्यात, कळेना.”

“मूर्खा! मग तेव्हाच बोलायचंस ना! शेजारी कॅमेरा घेऊन माणूस बसलेला, त्याला विचारायचंस! आयुष्यभर मी कशाची वाट बघत होते?” तिनं हातातली फाईल भिंतीवर भिरकावली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

वेडही आता भडकला. “काय बोलणार होतो? बहुतेक ठिणगी? ते म्हटलं की तुम्ही चारचौघांत सोलून काढता. इतकी वर्षं दुसरं केलंत काय? चंद्राच्या मागे होतो मी, मॅडम. कुणाचा आवाज तिथं पोचत नव्हता. तुमचा तेवढा पोचत होता.”

ओपलनं त्याला झापायला तोंड उघडलं. राग तर अंगात मावत नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा, तेच तिला कळेना.