बिब्ब्याचा डाग

वीस वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, की माणसाला आपल्या नजरेचा माज चढतो. मला चढला होता. दारातून आत येणाऱ्या बाईचे डोळे बघून कावीळ सांगायची मी. मायच्या गालावर काळा, खरबरीत मस वाढू लागला, तेव्हा माझीच झोप उडाली. अनसिंगला कातडीच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लागलं, तसं तिला धरूनच नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याचं भिंग गालावर टेकवलं आणि लगेच उचललं. "हा वयाचा मस. काही होत नाही." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता तळपाय बघू. कॅन्सर बरेचदा तिथंच लपतो."

माय संकोचली. "तुमच्यापुढं पाय कसे करू बाई?" मग मीच तिची चप्पल काढली. टाचेजवळ काळा डाग होता. तो मला ठाऊक होता. आमच्याकडे टाच फुटली, काटा मोडला, की बिब्बा तापवून त्याचं तेल घालतात. कातडी काळी पडते. "बिब्ब्याचा आहे," मी ठासून सांगितलं.

"बिब्बा कधी घातला होता?"

"दिवाळीच्या आंदी," माय म्हणाली. तेव्हा चैत्र चालू होता.

"कातडी झडते, तसा बिब्ब्याचा डाग जातो. हा राहिलाय, आणि कडेनं पसरलाय. पण नजर माझीही चुकू शकते. तुकडा काढून तपासू."

तुकडा अकोल्याला गेला. रिपोर्ट येईपर्यंत एकच आठवत होतं. त्याच टाचेला मी कितीदा खोबरेल चोळलं होतं! स्वतःचाच संताप येत होता.

कॅन्सरच निघाला, पण कातडीच्या अगदी वरच्या थरात. ऑपरेशनमध्ये सगळा निघाला, पाय वाचला.

एकदा पट्टी बदलताना राहवलं नाही. "माय, माझी चूक झाली. गालाला भ्याले आणि पायाला हसण्यावारी नेलं."

"झाली त झाली," ती म्हणाली. "गालासाठी नेलं म्हनूनच त पाय सापडला. मी कायले गेली असती? आन् आता रडून काहून राह्यली? नीट बांध पट्टी, पेरणीले जायचं हाये मले."