चौथं पोतं

माझ्या फजितीचे किस्से बारामतीत आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहेत. मीच सांगतो ते, तिखटमीठ लावून. हा एक मात्र कुणाला सांगितला नाही — बायकोलासुद्धा नाही. आज तुमच्यासाठी लिहायला बसलोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उन्हाळा लागला की गल्लीतली चार घरं मिळून वर्षाची ज्वारी भरायची. स्वस्त माल हुडकायचं खातं माझ्याकडं. मार्केट यार्डापेक्षा कमी भावात आणून दाखवतो, अशी फुशारकी मी दर वर्षी मारायचो. त्या वर्षी इंदापुरात एका व्यापाऱ्याकडं तीनच पोती मिळाली. चौथ्या घराला काय सांगू? माझं मंत्रिपद गेलं असतं ना! तेवढ्यात त्याच्या मागच्या खोलीत एक पोतं दिसलं. दाणे गुलाबी.

"ते बियाणं हाय. जुनं झालंय," तो म्हणाला. "खायाचं न्हाय बरं का, औषध चोळलंय त्याला."

"खातंय कोण? जनावराला कडवळ पेरायचंय."

माझ्याकडं ना जनावर, ना रान. दारात एक तुळस होती, तीही सुकलेली.

बायको मोरगावला माहेरी गेली होती. गच्चीवर टबात मी ते पोतं धुतलं — दोनदा, तीनदा, पाचदा. पाणी रंगपंचमीसारखं वाहिलं, शेवटी नितळ आलं. रंग गेला म्हणजे विष गेलं, नाही का? स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच मान डोलावली.

पण खरंच तसं वाटत होतं मला? मग — इथं पेन अडतंय — ते पोतं मी माझ्या घरात का ठेवलं नाही? वाळवलं आणि शेजारच्या तात्यांकडं नेऊन टाकलं. तात्या नि मालतीकाकू, दोघंच म्हातारी. माझ्यावर शंका घेतली नसती त्यांनी. कधीच.

आठवडा गेला नाही तोच तात्यांना उलट्या सुरू झाल्या. दरदरून घाम, तोंडाला फेस. नव्या पिठाची ती पहिलीच भाकरी; काकूंचा त्या दिवशी उपास होता म्हणून त्या वाचल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? "भाकरी आन् मेथी," काकू म्हणाल्या. फवारलेली असेल, डॉक्टर म्हणाले. मी शेजारीच उभा. एक वाक्य बोलायचं होतं — एकच! त्या वाक्यावर तात्यांचा जीव अवलंबून होता, कदाचित. मी तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडलं?

"काकू, भाजी नीट धुतली होती ना?"

दोन दिवस तात्या शुद्धीवर नव्हते. काकू त्यांच्या उशाशी बसून, आणि मी? त्यांच्या घराची किल्ली मागून घेतली. ते पोतं, डब्यातलं पीठ, सगळं उचलून गावाबाहेर खड्ड्यात पुरलं. त्यांच्या घरात त्याजागी माझ्या घरचं पोतं नेऊन ठेवलं. आधीच्या ज्वारीला किडे झाले होते, असं काकूंना म्हणालो. काकूंनी हात जोडले मला. तात्या गेले तर काकूंचं कसं होईल, हे मनात आलंच नाही हो. रस्त्यावर जीप वाजली की पोलीसच दिसायचे.  भाकरीचा वास आला की ताटावरून उठायचो.

तात्या वाचले. पुढं बरीच वर्षं जगले. "हिनं मेथी घालून मारलं असतं मला," म्हणून सगळ्यांना सांगत हसायचे. काकू हसायच्या नाहीत. मेथी त्यांनी पुन्हा घरात आणली नाही.

तात्या गेले ते म्हातारपणानं. दहाव्याला काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. "त्या भाजीनं आतून खिळखिळं केलं रं त्यांना, दिनकर. माझ्या हातनं झालं."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"मनाला लावून घेऊ नका, काकू," मी म्हणालो. "चूक माणसाच्याच हातून होते."

"व्हय बाबा," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.