लागले का गं दिवे?

मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. "सुलभा, हे गेले गं. चहा घेतला आणि बसल्या जागी..." मी जुडी तशीच टोपलीत टाकली आणि टॅक्सी करून अँटॉप हिलला निघाले. खरं सांगते, वाटेत मला रडू आलं नाही, राग आला. शशीवर, वहिनींच्या नवऱ्यावर आला. रिटायर व्हायला जेमतेम काही महिने उरले होते, आणि ह्या माणसाने मला एका गोष्टीबद्दल तोंड बंद ठेवायला लावून स्वतः खुशाल निघून जावं? आता काही आठवडे उलटले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांचे फोटो टाकून झाले. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं, आपला कॅम्पस उजळवणारा माणूस गेला. खोटं नाही ते. फक्त त्या माणसाला तो उजेड धड दिसत नव्हता, एवढं कुणी लिहिलं नाही, कारण कुणाला ते ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

शशिकांत आमच्या लोअर परळच्या कॅम्पसमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा मॅनेजर, आणि मी अ‍ॅडमिनला. तो नायगावच्या चाळीतला, मी चिंचपोकळीच्या, त्यामुळे पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच. आज जिथे आमचे काचेचे टॉवर उभे आहेत तिथे पूर्वी मिल होती आणि शशीचे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्याच मिलच्या विणकाम खात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, होते. "बाप खात्यात, मुलगा कॅबिनमध्ये, पण हजेरी एकाच गेटवर," असं तो नव्या माणसाला आवर्जून सांगायचा. पूर्वी प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ बटणांचा मोठा बोर्ड होता. संध्याकाळ झाली की शशी शिपायाला न पाठवता स्वतः यायचा, खटाखट सगळी बटणं दाबायचा आणि हाळी द्यायचा, "चला, लागले दिवे." मग आम्ही कोकणातल्या बायका कीबोर्डवरचे हात काढून जोडायचो. दिवेलागणीला हात जोडायचे हे आईने लावलेलं वळण, ते एसीतल्या ऑफिसातही सुटत नाही. शशी हसायचा. तो बौद्ध, त्याच्या घरी हा प्रकार नाही. "सुलभे, ट्यूबच्या कसल्या पाया पडतेस?" म्हणायचा. मी म्हणायचे, "आधी माझ्या डोक्यावरची ती फडफडणारी बदल, मग तुझ्याही पडते." हे इतकी वर्षं रोज चाललं की त्याच्या हाळीवर आम्ही पर्स आवरायला घ्यायचो.

मग कंपनीने ठरवलं की सगळ्या कॅम्पसचे दिवे बदलायचे. जुन्या ट्यूबा, त्यांचे गुणगुणणारे चोक, पार्किंगमधले पिवळे दिवे, सगळं काढून एलईडी लावायचे. वीज वाचणार, शिवाय नवे दिवे शहाणे असणार. बाहेर ऊन असलं की आपोआप मंद होणार, अंधारून आलं की आपोआप वाढणार, कुणी नसेल तिथे विझणार. काम शशीकडे आलं आणि तो लग्न ठरलेल्या पोरासारखा हिंडायला लागला. एक मजला नमुना म्हणून आधी करायचा होता. दिवे पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर उजेड मोजायचं मीटर घेऊन उभा, मी हजेरीला, आणि शशी मजल्याच्या मधोमध. "अजून अंधार वाटतोय. वाढवा," तो म्हणाला. इंजिनियर म्हणाला, "सर, मीटरवर आत्ताच जास्त दाखवतंय." शशी म्हणाला, "मीटर राहू दे, माणसाच्या डोळ्याला काय वाटतं ते बघ." आणि वाढवायला लावले. मला तिथे डोळे बारीक करून उभं राहावं लागत होतं, पण म्हटलं नवीन आहे, होईल सवय.

सवय कसली होतेय? आठवड्याभरात अकाउंट्सच्या मुली टोप्या घालून बसायला लागल्या. कुणी पॅनेलखाली चार्ट पेपर चिकटवला, कुणाचं डोकं उठलं, आणि तक्रारी आमच्या मोठ्या मॅडमपर्यंत गेल्या. शशी हट्टाला पेटला. लोकांना मिणमिणत्या उजेडात राहायची खोड लागलीय, असं मीटिंगमध्ये तावातावाने बोलला. मीसुद्धा त्याची बाजू घेऊन भांडले. त्याच दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. पोऱ्याने चहा ठेवला आणि शशीचा हात कपाच्या बाजूने पुढे गेला, टेबलावर थोडा चाचपडला आणि मग कपाला लागला. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा हल्ली नेहमी लागायचा, शेजारून हात केला तर तो ओळख द्यायचा नाही, हे सगळं मला एका दमात आठवलं. मी सरळ विचारलं, "शशी, तुला दिसत नाहीये का?" त्याने कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय. काचबिंदू आहे, दादांना होता तोच. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात, आहे ती टिकवायची."

दादांचं त्याने मला पूर्वी सांगितलं होतं. शशी शाळेत असतानाच त्यांची नजर गेली. गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत शशी त्यांना हाताला धरून न्यायचा आणि पोरं खेळ थांबवून भिंतीला चिकटून उभी राहायची. उरलेलं आयुष्य ते गॅलरीत स्टुलावर बसून होते. मंगलवहिनी लग्न होऊन आल्या आणि दादांचं न्हाऊमाखू, खाणंपिणं त्यांच्यावर पडलं, ते दादा जाईपर्यंत. "मंगलने ते एकदा केलंय. परत तिच्या गळ्यात घालणार नाही," शशी म्हणाला. "तिला कळता कामा नये, आणि इथेही नाही. इथे कळलं तर हे काम काढून घेतील. दादांनी ह्या जागेवर अंधारात धागे जोडले गं... एवढे दिवे माझ्या हातून लागू देत. मग बसवा खुशाल गॅलरीत." मी त्याला वाट्टेल ते बोलले. अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं, औषध तरी घालतोस का डोळ्यात? बाटली घरी दिसू नये म्हणून ऑफिसच्या खणात होती आणि आठवण होईल तेव्हा साहेब थेंब टाकत होते. ती बाटली मी माझ्या खणात नेली आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोक्यावर उभी राहायला लागले. पण गप्प राहायचं कबूल केलं. दुसरं काय करणार होते? त्याचा चेहराच तसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी शशीने त्या मजल्यावर जाऊन सगळ्यांची माफी मागितली आणि दिवे मंद करून घेतले. त्यानंतर ऑफिस सुटलं की आमची फेरी सुरू व्हायची. एकेक मजला, जिने, पार्किंग, कॅन्टीन. मी पुढे, तो अर्धं पाऊल मागे, माझ्या पर्सच्या पट्ट्याला एक बोट लावून. "कसं वाटतंय?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "बरं आहे." तो खेकसायचा, "बरं म्हणजे काय? कागदावर हात धर. सावली काळी पडते की फिकट? कडा दिसते का?" मी सांगायचे की सावली फिकट आहे, पण कोपऱ्यातली भिंत मेल्यासारखी दिसतेय. मग तो उभ्या उभ्या विचार करायचा आणि कुठलं पॅनेल सरकवायचं ते इंजिनियरला फोनवर सांगायचा. त्याला पुढे कधी मीटरपेक्षा जास्त उजेड मागताना मी ऐकलं नाही. लोक आमच्यावरून काय कुजबुजत होते ते मला कळत होतं. कुजबुजू देत. बोट पट्ट्यावरून सुटलं की तो जागच्या जागी थांबायचा आणि मी परत येईपर्यंत हलायचा नाही, हे त्यांनी कुठे पाहिलं होतं?

काम पुरं झालं. बटणांचे बोर्ड निघाले, त्या जागी भिंतीवर कोऱ्या पट्ट्या बसल्या. एक दिवस आभाळ असं भरून आलं की दुपारीच मजल्यावरचे दिवे हळूहळू वाढले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी शशी नेहमीच्या वेळेला लिफ्टमधून बाहेर आला, जुन्या बोर्डाच्या जागेजवळ थांबला आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "चला, लागले दिवे." सगळा मजला हसला. दिवे जेवणाच्या सुट्टीपासून चालू होते. सगळ्यांना वाटलं, सर गंमत करतायत. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, शशीही हसला, मान हलवत माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "लागले होते का गं?" मी म्हटलं, "केव्हाचेच." इतका एकटा तो मला कधी दिसला नव्हता. त्यानंतर तो मजल्यावर आला नाही. संध्याकाळी त्याच्या कॅबिनमधून माझा फोन वाजायचा. "लागले का गं दिवे?" मी वर बघून सांगायचे, "लागले." तो "बरं" म्हणून ठेवून द्यायचा आणि मग मी हात जोडायचे. आपोआप लागणाऱ्या दिव्यांना हात कधी जोडायचे ते मला एरवी कळलंच नसतं.

लोक म्हणतात, चांगलं मरण आलं, कुणाचं काही करून घेतलं नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गेल्या आठवड्यात मनाशी ठरवून अँटॉप हिलला गेले. वहिनी सरकारी नोकरीत, त्यांच्या क्वार्टरमध्येच दोघं राहायची. म्हटलं, आता लपवून कुणाचं भलं होणार आहे, त्यांना सगळं सांगून टाकावं. मी खिडकीजवळच्या शशीच्या खुर्चीत बसले, शब्दांची जुळवाजुळव करत. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि उंबऱ्यातच बोलल्या, "मीच आहे हो. चहा आणलाय, उजव्या हाताला ठेवते." कप स्टुलावर ठेवला, कपाचा कान माझ्या बाजूला वळवला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

"सवय लागलीय," त्या म्हणाल्या.

कधीपासून, एवढंच मी विचारलं. "तुमचं ते दिव्यांचं काम निघालं, त्याच्या कितीतरी आधीपासून," वहिनी म्हणाल्या. "दादांचं सगळं मी केलं ना सुलभा? मला कळणार नाही? ताटातलं मीठ हाताला लागेना तेव्हाच ओळखलं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत कधी? त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मला कळू नये म्हणून किती जपायचे ते... जपू दे म्हटलं. तेवढंच तर त्यांच्या हातात उरलं होतं. मग मी घरभर बोलत राहायचे. दार उघडं आहे हो, स्टूल इथे सरकवलंय हो, मी आले हो. त्यांना वाटायचं, बायको वयाबरोबर बडबडी झालीय. वैतागायचे माझ्यावर." त्या थोडं हसल्या. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बिस्किटं राहिलीच म्हणून त्या उठून आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग त्यांची पावलं आली, आणि उंबऱ्यातून पुन्हा, ह्या वेळी अगदी हळू, "मीच आहे हो."

मी त्या खुर्चीतून उठले आणि पलीकडच्या खाटेवर जाऊन बसले.