कोऱ्या पडद्यासमोर बसलेलं गाव

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. पण लिहायला बसली तर नुसतं ‘हे’ म्हणून तुम्हाला कळायचं कसं? म्हणून एकदाच लिहून टाकते, तुलाराम. लाखनीच्या टुरिंग टॉकीजमध्ये हे मशीन चालवत. फिल्म तुटली की ब्लेडनं कापून अशी जोडत, की नटाचं अर्धं बोलणं उडालं तरी लोकांना पत्ता लागत नसे.

एकोणऐंशी साली मशीनचा भाग दुरुस्त करायला हे नागपूरला गेले. तिथल्या मिस्त्रीनं यांना एका कॉलेजात नेऊन जुना परदेशी सिनेमा दाखवला. आले ते डोळे मोठे करूनच.

“अवं, त्यात कोणी बोलतच नाही. एक बुढी बसून राह्यते, नळ टपकते, अन् आपल्याले रडू येते.”

“नळ टपकते तर बंद कर म्हणा तिले,” मी म्हटलं.

मग टॉकीजच्या मालकाच्या अडगळीतलं बॅटरीवर चालणारं टेपरेकॉर्डर मागून आणलं अन् आवाज गोळा करायला लागले. बैलांच्या घंट्या, बेडकं, माझं ताक घुसळणं. म्हशीचं हंबरणं सावकाश वाजवलं तर शंखासारखं लागे. फिल्म जोडत तशीच ती फीतही कापून जोडत. म्हणत, “हा बिनचित्राचा सिनेमा. चित्र ज्याचं त्यानं पाहावं.” मी एकटी धानाच्या बांधीत चिखलात वाकलेली, अन् हे बाजूला धुऱ्यावर म्हशीच्या तोंडासमोर माईक धरून उभे!

शेवटी मी शर्त घातली. “नवरात्रात शारदेच्या मंडपात साऱ्या गावाले ऐकवा. लोक शेवटपर्यंत बसले, तर मी यावरून कधी बोलणार नाही. मधातून उठले, तर ही आवाजाची पेटी मालकाले वापस.”

“मंजूर,” हे म्हणाले. पण त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

दिवेलागणीला मंडपात पांढरा पडदा बांधला, कोराच. भोंगा मात्र लोकांच्या पाठीमागं, तलावाच्या पाळीवर झाडाआड लपवला. तलावाचं पाणी वाटून देणारे पुंडलिकराव पुढंच बसले होते.

“तुलाराम, चित्र कुठं अडकलं गा?”

“डोये मिटा जी, दिसते.”

म्हशीचा शंख वाजला, पोरं खिदळली. ताक घुसळलं, तशी शेजारची कुंताबाई माझ्या कानात म्हणाली, “लोणी आलं का वं?” पण हळूहळू सारे चूप झाले. मीही डोळे मिटले.

तेवढ्यात पाणी सोडायची खुटी उपटल्याचा आवाज आला, अन् पाटातून पाणी धो धो. त्या साली पाऊस कमी. धान गर्भात आलेलं, पाणी ज्याच्या त्याच्या पाळीनं मिळे, पाळी चुकली की दाणा पोचट. अन् आवाज तलावाकडूनच येऊन राहिलेला! कोणीतरी ओरडलं, “कोणं सोडलं बे पाणी?”

अख्खं गाव उठून बांध्यांतून पळालं. सगळ्यात पुढं कोण? मी. पदर खोचून.

तलावाशी पाहतो तर खुटी जागच्या जागी, पाट कोरडा, अन् पाणी भोंग्यातून वाहतंय. पुंडलिकराव गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्यांनी भोंग्याला एक शिवी दिली, मग हसले, मग आम्ही सारेच हसत सुटलो.

मंडपात परतलो तर हे मान खाली घालून वायर गुंडाळत होते. “हरलो वं. सारे उठले.”

“गुंडाळून कायले राहिला?” पुंडलिकराव म्हणाले. “पाण्याच्या पुढचं लाव.”

“पण शर्त होती जी...”

“मंग पहिले कोण उठलं, ते विचारा न तिले!” कुंताबाई म्हणाली.

मी कुठं पाहू? “एवढे म्हणतात तर लावा न,” मी म्हटलं.

चिखलाच्या पायांनी गाव पुन्हा बसलं. कोणी हललं नाही. अन् अगदी शेवटी, लांबलचक ओढलेला माझाच आवाज: “उठाऽऽ, भात थंडा झालाऽऽ!” कधी भरून घेतला होता, देव जाणे.

गाव हसत हसत उठलं. फीत संपली होती, अन् लोक उठा म्हटल्यावरच उठले होते. हे माझ्याकडे पाहून मिशीत हसले.

पेटी घरीच राहिली. त्यानंतर मात्र यांच्यावर ओरडायचं झालं, तर मी आधी पाहून घेई, आवाज भरायचं ते लाल बटन दाबलेलं तर नाही.