नववी ब आणि बांगड्यांचा नियम

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. मुलींकडून जप्त केलेल्या बांगड्या जशा बाईंच्या ड्रॉवरमध्ये आपोआप साठतात, तसेच तेही साठतात. मग एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही! माझा ड्रॉवर भरला कोपरखैरणेच्या शाळेत, नव्वदच्या दशकात, नागरिकशास्त्र शिकवताना.

*

नववी ब माझ्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची. शेवटी वैतागून मी ठरवलं, धोरण म्हणजे काय हे पुस्तकातून नाही, गणवेशाच्या नियमांवरून शिकवायचं. नियम कोणी केला, कशासाठी, त्रास कोणाला, हे मुलांनी शोधायचं आणि त्यावर वाद घालायचा. हेडसरांची परवानगी काढायला गेले.

"करा की! फक्त नियम बदलायचा नाही."

"मग चर्चा कशाला, सर?"

"चर्चेसाठी!"

सरांनी पुढची फाइल उघडली.

*

पहिला नियम काळ्या रिबिनींचा. काळ्याच का? मुलींनी 'शिस्त लागते म्हणून' असं छान अक्षरात लिहून आणलं. मी खूश. तेवढ्यात तळवलीचा स्वप्नील उठला. वर्गातला सगळ्यात आगाऊ मुलगा.

"मॅडम, मी शिपाईमामांना इचारलं. शाला सुरू झाली तवा दुकानात काल्याच रिबिनी शिल्लक होत्या!"

लाल रिबिनीसाठी मी कितीतरी मुलींना तासभर उभं केलं होतं हो!

*

दुसरा धक्काही त्यानेच दिला.

"मॅडम, तुमच्या साडीचा नियम कोनी केला?"

"शाळेने, दुसरं कोण?" असं म्हटलं खरं, पण स्टाफरूममध्ये विचारलं तर सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. जुनी रजिस्टरं उपसली. असा नियमच नव्हता! सावंतबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

"अगं, इतकी वर्षं चिखलातून निऱ्या सावरत आले, ते कोणासाठी?"

सोमवारी त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या. हेडसरांनी त्यांना गेटवरच अडवलं. "आपण कोणाच्या पालक?"

*

शेवटचा नियम बांगड्यांचा. शाळेत घालायच्या नाहीत, घातल्या तर जप्त. स्वप्नीलने भाषण ठोकलं, "बांगड्यांनी गनित चुकतं का?" आणि मतदान झालं. नियम नको म्हणून सगळ्या वर्गाचे हात वर. एकच हात खाली, बोनकोड्याच्या मनीषाचा! मी सगळ्यात जास्त बांगड्या जप्त केल्या असतील तर तिच्याच.

"फितूर!" वर्ग ओरडला. कारण विचारलं तर तिने मान खाली घातली.

सगळे गेल्यावर ती थांबली. "मॅडम, कोनाला सांगू नका, शप्पत हाय. घरी माजा साखरपुडा ठरवतान."

चौदा वर्षांची पोर ती!

"मी बाबाला सांगितलं, हिरव्या बांगड्या भरल्या तर शालेतनं नाव काटतान. बाबा बोलला, मंग धावी होईपरत थांबू. आता नियम गेला तर माजी शाला पन गेली, मॅडम."

त्रास कोणाला, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. आधार कोणाला, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली.

"घाबरू नकोस गं," मी म्हटलं. "हेडसर जन्मात नियम बदलणार नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसर माइकवर. "नववी 'ब'ने लोकशाही मार्गाने मागणी केली आहे. उद्यापासून बांगड्यांना परवानगी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मनीषाकडे बघायची माझी हिंमत होईना. तशीच ऑफिसात धावले.

"सर, नियम बदलायचा नाही म्हणाला होतात ना?"

"हो, पण 'मग चर्चा कशाला' असं विचारून तुम्हीच माझं मन वळवलंत, मॅडम!" सर इतके खूश होते, आणि मला शपथ घातलेली. खरं सांगणार कसं?

*

उद्या उजाडला. झाडून सगळ्या मुली हातभर बांगड्या घालून आल्या. फक्त मनीषाचे हात रिकामे. तास सुरू होता आणि दारात येऊन उभे राहिले मनीषाचे बाबा.

"बाई, लोक बोलतान नियम उठला. हिरव्या बांगड्या चालतान का आता शालेत?"

खोटं कसं बोलायचं, हे नागरिकशास्त्रात नाही. मनीषा वहीत डोकं खुपसून बसलेली. मी कोणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं, देवाशपथ.

मागे बाक खरडला. स्वप्नील उभा राहिला.

"नाय चालत, काका! लय कडक नियम हाय. परवाच एका पोरीचं नाव काटलं."

मी वर्गाकडे वळून बघितलं. एकाही मुलीचे हात बाकावर नव्हते. आणि एकही बांगडी वाजली नाही.